दिवसाची लाईन

2015 साली जगातल्या एकूण विजेत सूर्याचा वाटा जेमतेम 1 टक्का होता. 2024 साली तो 7 टक्क्यांच्या घरात गेला. वारा 8 टक्क्यांवर, म्हणजे अजून पुढेच आहे. पण धाव सूर्याची मोठी. पवनचक्क्या सातारा, सांगली, धुळ्याच्या पठारांवर फिरतात. वाशिम जिल्ह्यातल्या किन्हीराजासारख्या गावाच्या वाट्याला येते ते ऊन. यावर ठरलेला आक्षेप असा, की रात्री ऊन नसते. खरे आहे. संध्याकाळच्या दिव्यांना पारसच्या वीज केंद्रातला कोळसा अजून काही वर्षे लागणारच. पण हरभऱ्या-गव्हाच्या ओलिताला रात्र हवी कशाला? थ्री फेज लाईन रात्रपाळीची असली की शेतकऱ्याने बॅटरी घेऊन बांधावरून स्टार्टरपर्यंत जायचे, पायाखाली साप आणि तुरीत रानडुक्कर. ही वेळ पिकाने मागितलेली नाही, विजेच्या टंचाईने लादलेली आहे. दिवा दुपारी लावून रात्री उजेड मिळत नाही. पाणी मात्र दुपारी देता येते, आणि रब्बीतले आभाळ बहुधा निरभ्र असते.

मग प्रत्येकाच्या वावरात पॅनल लावावे काय? ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजनेत सर्वसाधारण शेतकऱ्याला 10 टक्केच रक्कम भरावी लागते, आणि जिथे लाईन पोचलेलीच नाही तिथे तोच मार्ग बरा. पण पावसावरच्या सोयाबीनच्या हंगामात हे पॅनल नुसते उभे राहते. याउलट मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत प्रकल्प सबस्टेशनजवळ असतो. पंप बंद असले तरी त्याची वीज इतरांच्या कामी येते, तीही युनिटला 3 रुपयांच्या आसपास. म्हणून जिथे फीडर, म्हणजे शेतीची वीजवाहिनी, आहे तिथे माझे मत फीडरच्या बाजूने. त्या प्रकल्पासाठी ई-क्लास, म्हणजे गावची चराईची सरकारी जमीन गेली तर गुरे कुठे चारायची, ही तक्रार मात्र रास्त आहे. खाजगी पडीक जमिनीला वर्षाला हेक्टरी सव्वा लाख भाडे मिळते. आधी मुरमाड माळ शोधावा, चराई शेवटी.

राहिला पाण्याचा प्रश्न, आणि तो सगळ्यांत अवघड. दिवसा वीज आली म्हणून काळ्या पाषाणातल्या विहिरीचे झरे वाढत नाहीत. साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांचे बिल 2024 पासून माफ आहे, तेव्हा मोटार बंद करायला खिशाचेही कारण उरत नाही. म्हणून दिवसाच्या लाईनबरोबर पाणी वाचवणाऱ्या तुषार संचाचे अनुदान त्याच फीडरवरच्या शेतकऱ्यांना आधी द्यावे, एवढी मागणी गावांनी आत्ताच लावून धरायला हवी.