बाहुलीचा रंग

(वार्षिक संमेलनातील भाषण)



वर्णभेद मूल पुढे शाळेत, बाजारात शिकते, अशी आपली सर्वांची सोयीची समजूत असते. अमेरिकेतील केनेथ व मॅमी क्लार्क या कृष्णवर्णीय मानसशास्त्रज्ञ दांपत्याने १९४७ साली प्रसिद्ध केलेला प्रयोग तिला धक्का देतो. तीन ते सात वर्षांच्या २५३ कृष्णवर्णीय मुलांपुढे त्यांनी चार बाहुल्या मांडल्या. घडण एकच, दोन गोऱ्या, दोन तपकिरी. खेळावयास आवडेल ती दे, म्हणताच सुमारे दोन तृतीयांश मुलांनी गोरी उचलली. वाईट दिसते ती दे, म्हणताच निम्म्याहून अधिकांनी तपकिरी पुढे केली. आणि अखेरीस, तुझ्यासारखी दिसते ती दे! येथे काही मुलांना रडू कोसळले. काही खोलीबाहेर धावली.

आर्कान्सातील मुले वेगळ्या शाळांत, तर मॅसॅच्युसेट्समधील मिश्र शाळांत शिकत होती. गोऱ्या बाहुलीची ओढ मिश्र शाळांतच अधिक आढळली. १९५४ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने वेगळ्या सरकारी शाळा घटनाबाह्य ठरविल्या, तेव्हा क्लार्क यांच्या लेखनाचा आधार घेतला. ते योग्यच झाले. परंतु एका बाकावर बसविल्याने सारे साधत नाही, हेही त्याच बाहुल्या सांगतात.

कोणत्या मातेने आपल्या लेकरास 'तू वाईट' असे शिकविले असेल? नवजात अर्भकास असा कल नसतो. तीन महिन्यांचे मूल मात्र नित्य पाहण्यातल्या वर्णाचे चेहरे अधिक वेळ न्याहाळते, असे २००५ साली ब्रिटनमधील संशोधकांना आढळले. ती केवळ ओळख होय. तिला बरेवाईट मोल लावतो ते आपण मोठी माणसे.

अमेरिकेतील वंशभेद आणि आपली गोरेपणाची हौस एकच, असे आम्ही म्हणत नाही. मुलाच्या कानाला मात्र हा फरक कळत नाही. बाळंतिणीच्या खोलीत पहिली पृच्छा होते, 'रंग कुणावर गेला?' आमच्या वधूवर-सूचीत 'गोरी', 'निमगोरी', 'गहूवर्णी' ही विशेषणे असतात. सावळी मुलगी तेथे 'नाकीडोळी नीटस' होते! घरात ही सूची मोठ्याने वाचली जाते, तेव्हा सहा वर्षांची नात जवळच खेळत असते.

पुढील वर्षाच्या सूचीतून वर्णाचा रकाना गाळावा, असा ठराव आम्ही कार्यकारी समितीपुढे मांडीत आहोत. उंची, शिक्षण, व्यवसाय हे रकाने राहोत. छायाचित्र तर मागविले जातेच.