वाढत्या वयातील कोलेस्टेरॉल

कोलेस्टेरॉल ही केवळ प्रौढांची फिकीर होय, हा रूढ समज सर्वस्वी यथार्थ नाही. पेशींची आवरणे, पित्तरस आणि यौवनकाळातील संप्रेरके यांच्या घडणीस आवश्यक असा हा पदार्थ बहुतांशी शरीरातच तयार होतो. मुलांच्या रक्तात त्याचे एकूण प्रमाण दर डेसिलिटरला १७० मिलिग्रॅमपेक्षा कमी असणे इष्ट, तर २०० वा अधिक असणे चिंताजनक मानतात. ९ ते ११ या वयात शिखर गाठणारे हे प्रमाण वयात येताना स्वभावतःच उतरते व विशीच्या सुमारास पुन्हा चढते. मुलग्यांत मात्र वयात येताना हितकर एचडीएल कोलेस्टेरॉलही घटते. म्हणून चौदाव्या वर्षीच्या समाधानकारक आकड्यावरून कायमची खातरजमा झाली असे समजू नये, आणि घराण्यात अल्पवयात हृदयविकाराचा दाखला असल्यास डॉक्टरांचा सल्ला जरूर घ्यावा. आहारापुरते बोलायचे, तर शाळेच्या डब्यातील वनस्पती तुपातली खारी आणि फरसाण यांच्या जागी ज्वारीची भाकरी व मटकीची उसळ आली, की संपृक्त मेद घटून तंतू वाढतात; परंतु दोन वर्षांखालील बालकाच्या आहारातील स्निग्धांश परस्पर कमी करू नये, कारण त्याच्या मेंदूच्या वाढीस तो अत्यावश्यक असतो.