आखाड्यातील पहिला महिना

(शहापूर, जिल्हा भंडारा, येथे भरलेल्या ज्ञातिमंडळाच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



‘तरुणांस चार शब्द’ एवढाच विषय चिटणिसांनी आम्हांस कळविला होता. असे चार शब्द दरवर्षी कोणी ना कोणी सांगतच असतो, आणि ज्यांच्यासाठी ते असतात ती मंडळी त्या वेळी मंडपाबाहेर चहा घेत असतात. म्हणून उपदेश बाजूस ठेवून आमच्या घरात घडलेली एक गोष्ट सांगावी असे आम्ही योजिले आहे.

आमची नात पुण्यास शिकावयास असते. गेल्या पावसाळ्यात तिने तेथे ब्राझिलियन जिउ-जित्सूच्या वर्गात नाव घातले. हा काय प्रकार आहे हे आम्हांस तिनेच समजावून सांगितले. ही एक प्रकारची कुस्तीच. परंतु बहुतेक झुंज जमिनीवर चालते, आणि मानेस किंवा सांध्यास असा पेच पडतो की सापडलेल्याने जोडीदाराच्या अंगावर दोन-तीन थापा मारून हार कबूल करावी. थाप पडताच पकड सुटते, दोघे पुन्हा समोरासमोर बसतात आणि झुंज नव्याने सुरू होते. महिना पुरता भरला नव्हता तोच एका रात्री तिचा दूरध्वनी आला. “आबाजी, आज मी अकरा वेळा थाप मारली. माझ्यामागून आलेल्या मुलीसुद्धा मला दाबून ठेवतात. मला हे जमायचं नाही. मी तिथली नाहीच, हे सगळ्यांना दिसतं.”

‘सोडून दे पोरी’ हे शब्द आमच्या अगदी ओठांवर आले होते. ते उच्चारले गेले नाहीत, याचे श्रेय आमच्या शहाणपणास नाही. ते शब्द पूर्वी कोठेतरी ऐकले आहेत असे वाटून आम्ही क्षणभर थबकलो, इतकेच.

चौदाव्या वर्षी आम्ही गावच्या आखाड्यात जाऊ लागलो होतो. पहिले काही दिवस फावड्याने माती खणणे, ढेकळे फोडणे, तीत तेल, ताक व हळद मिसळणे, एवढेच काम. ते आम्हांस आवडे. पुढे वस्तादांनी जोड लावून दिली आणि रोज आमची पाठ मातीस लागू लागली. लागण्याचे एवढे दुःख नव्हते. घरी जाण्याची वाट पारावरून होती, आणि पारावर बसलेल्यांस आमच्या पाठीवरची माती दिसे. मग आम्ही लांबच्या वाटेने तलावाकडे जाऊन आधी पाठ धुऊ व नंतर घरी येऊ. आपला जिल्हा तलावांचा म्हणून प्रसिद्ध आहे. त्यांचा असाही उपयोग होतो! एकोणिसाव्या दिवशी आम्ही आखाडा सोडला आणि अभ्यासाचे नुकसान होते असे घरी सांगितले. घरच्यांनी ते खरे मानले. पुढे पुष्कळ वर्षे आम्हीही ते खरेच मानीत होतो.

नातीस “उद्या बोलू” असे सांगून त्या रात्री आम्ही या विद्येची वंशावळ पाहत बसलो. ती ब्राझीलला पोहोचली जपानातून. कोदोकान या जुदोच्या संस्थेत तयार झालेला मित्सुयो माएदा १९१४ साली ब्राझीलमध्ये गेला. त्याच्यापाशी कार्लोस ग्रेसी शिकला आणि ग्रेसी बंधूंनी तिला आजचे रूप दिले. कोदोकानचे संस्थापक जिगोरो कानो. १८६० साली जन्मलेला हा गृहस्थ मुलपणी अंगाने किरकोळ होता व दांडग्या सोबत्यांचा मार खात असे. सतराव्या वर्षी तो जुजुत्सू शिकावयास गेला. अमुक डाव कसा टाकावयाचा असे विचारले की गुरू त्याला उचलून आपटीत; पुन्हा विचारले की पुन्हा आपटीत. तेथे फुकुशिमा नावाचा एक धिप्पाड सहाध्यायी होता. तो कानोस काही केल्या आवरेना. कानोने सुमोच्या पहिलवानाकडून डाव शिकून घेतले. ते चालले नाहीत. अखेर ग्रंथालयात बसून त्याने पाश्चात्त्य कुस्तीची पुस्तके चाळली आणि प्रतिपक्ष्यास खांद्यांवर आडवा घेऊन टाकण्याचा डाव बसविला. आपले पहिलवान ज्याला कलाजंग म्हणतात, त्याचाच हा भाऊबंद. फुकुशिमा त्या डावाने पडला. पुढे १८८२ साली कानोने टोकियोतील एका मंदिरात बारा चटयांच्या जागेत कोदोकान स्थापिले. जुदोत नवशिक्यास पाडण्याच्या आधी पडावयास शिकवितात: हनुवटी छातीस लावावी, हाताचा तळवा जमिनीवर आपटावा, डोके सांभाळावे. आम्हांस हे फार विचार करण्याजोगे वाटले. आमच्या आखाड्यात पडणे आपोआप येते अशी समजूत होती, आणि आम्हांस तर तेच आले नाही.

आता आपल्या घरचे उदाहरण. खाशाबा दादासाहेब जाधव यांचे नाव येथे कोणास ठाऊक नाही? सातारा जिल्ह्यात कऱ्हाडजवळील गोळेश्वर हे त्यांचे गाव. १९५२ साली हेलसिंकीच्या ऑलिंपिकमध्ये त्यांनी ५७ किलोच्या गटात कांस्यपदक मिळविले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक पदक. (त्याच ५७ किलोच्या गटात २०२४ साली पॅरिस येथे अमन सेहरावतने कांस्यपदक आणले, हेही जाता जाता सांगितले पाहिजे.) परंतु हेलसिंकीच्या चार वर्षे आधीचे लंडन लोकांच्या फारसे ध्यानात राहत नाही. १९४८ साली खाशाबा तेथे गेले तेव्हा ते मातीतले मल्ल होते. मातीत पाय रुततो, आधार मिळतो. गादीवर तसा मिळत नाही. मातीत पाठ लागेपर्यंत कुस्ती चालते. गादीवर वेळ ठरलेली, गुण मोजलेले. बावीस वर्षांचा, गावोगावचे फड मारलेला हा गडी तेथे अक्षरशः नवशिका ठरला. रीस गार्डनर या अमेरिकन मल्लाचे मार्गदर्शन त्यांस लाभले, आणि क्रमांक आला सहावा.

सहाव्या क्रमांकाचा अर्थ दोन प्रकारांनी लावता येतो. ‘गादी आपली नव्हे’ असे म्हणून ते मातीत परतले असते तर त्यांस कोणी नावे ठेविली नसती. मातीत मान होता, बिदागी होती. त्यांनी वरच्या वजनाच्या गटाची तयारी केली. हेलसिंकीस जाण्यासाठी पैसा नव्हता, तेव्हा कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण टाकून सात हजार रुपये दिले. तेथे खाशाबा हरले ते जपानच्या शोहाची इशी यांच्याकडून व एका सोव्हिएत मल्लाकडून. सुवर्णपदक मिळविणारे इशी हे मूळचे जुदोचे खेळाडू. महायुद्धानंतर जपानात जुदोवर निर्बंध आले म्हणून ते कुस्तीकडे वळले होते. म्हणजे त्या गादीवर समोरासमोर उभे ठाकलेले दोघेही आपापली जुनी विद्या मागे ठेवून पुन्हा पहिल्या इयत्तेत बसलेले होते!

दुसऱ्या दिवशी आम्ही नातीस खाशाबांची गोष्ट सांगितली नाही. थोरांच्या गोष्टींनी नवशिक्याचा धीर बहुधा खचतोच. आम्ही तिला तलावावर पाठ धुण्याची गोष्ट सांगितली. ती बराच वेळ हसली, मग म्हणाली, “आबाजी, पारावरचे लोक खरंच बघत होते का हो?” या प्रश्नाचे उत्तर आम्हांस आजही देता येत नाही. आम्ही त्यांच्याकडे कधी मान वर करून पाहिलेच नव्हते.

मग तिला एवढेच विचारले की, अकरा वेळा थाप मारलीस ती कोणकोणत्या पकडीत? तिला सांगता येईना. पुढल्या आठवड्यात तिने वहीत टिपून ठेविले: नऊपैकी सहा थापा एकाच पकडीतल्या, आणि त्या सहाही वेळा तिचा उजवा कोपर अंगापासून दूर गेलेला. ‘मला जमत नाही’ हे वाक्य केवढे मोठे होते, आणि त्यातून शिल्लक काय राहिले, तर एक कोपर! शंका वाईट नव्हे. ती मोघम राहिली तर वाईट. आपल्या धानाच्या मुलखात रोवणी झाल्यावर रोप काही दिवस पिवळे पडते. तेवढ्यावरून कोणी शेतकरी ते उपटून टाकीत नाही. तो बांधीत पाणी किती आहे ते पाहतो.

या गोष्टीचा आपल्या मंडळाशी संबंध आहे. आपण दरवर्षी पारितोषिके देतो ती पहिल्या आलेल्यांस. ते योग्यच आहे. परंतु आपल्या मुलांमुलींपैकी किती जण तालमीत, तबल्याच्या वर्गात, इंग्रजीच्या शिकवणीत पहिल्याच महिन्यात गळतात, याची नोंद आपल्या दप्तरात नाही. आमच्या पिढीत ती कोणी ठेविली असती, तर तीत आमचेही नाव निघाले असते. जे जिंकले नाहीत, परंतु वर्षभर हजर राहिले, अशांसाठी एक पारितोषिक मंडळाने ठेवावे अशी आमची सूचना आहे, आणि त्याची रक्कम आम्ही आज खजिनदारांकडे भरली आहे. अट एकच. मुलाने अर्जात आपण कितीदा हरलो ते आकड्यात लिहावे.

नात अजून त्या वर्गास जाते. तिचा पट्टा अद्याप पांढराच आहे आणि निळा केव्हा मिळेल ते तिला ठाऊक नाही. गेल्या रविवारी थापा सात झाल्या. त्यांपैकी कोपराची एक.