बरणीतले खिळे आणि जाळलेल्या वह्या

मी शिरूरच्या एका शाळेत शिकवतो, राहतो दौंड तालुक्यात आणि सुट्टीत थोडंफार लिहितो.

आज ‘माउस’बद्दल बोलू. कॉम्प्युटरचा नाही हो! आर्ट स्पीगलमनचं चित्रांतून सांगितलेलं पुस्तक. त्यात ज्यू म्हणजे उंदीर, नाझी म्हणजे मांजरं. १९९२ साली त्याला पुलित्झर मिळालं. आर्टचा जन्म १९४८चा, स्टॉकहोमचा. आईबाप पोलंडचे ज्यू, ऑशविट्झमधून जिवंत सुटलेले. पोरगा लहान असतानाच ते अमेरिकेला गेले. पुढे आर्ट न्यूयॉर्कमध्ये शिकवायचाही. त्याच्या मोठ्या भावाचा फोटो घरात होता. तो भाऊ युद्धातच गेला. आर्टनं त्याला कधी पाहिलंच नाही.

बाप व्लाडेक महाचिकट. रस्त्यात पडलेली वायर उचलणार, फोडलेला खाऊचा पुडा दुकानात परत करणार. मी हसलो, आणि मग आमचे आजोबा आठवले. वाकडे खिळे ठोकून सरळ करायचे, बरणीत साठवायचे.

आमचं मूळ गाव मोसे खोऱ्यातलं. वरसगाव धरणात गेलं. जमीन मिळाली दौंडकडं. छळछावणी आणि धरण एका तराजूत घालायचं नाहीये मला, तसं कुणी केलं तर मी भांडेन. पण घरातलं ते गप्प बसणं ओळखीचं वाटलं.

व्लाडेकनं बायको गेल्यावर तिच्या वह्या जाळल्या. पोरानं कधीतरी वाचावं म्हणून तिनं सगळी हकिगत लिहिली होती. आर्ट बापाला खुनी म्हणतो. आमच्यात आजोबा गेल्यावर त्यांच्या ट्रंकेतल्या नोटिसा, सातबारे, सगळं आज्जीनं बंबात घातलं. मीही ओरडलो होतो. “बुडालेल्या रानाचा उतारा काय चाटायचाय?” एवढंच ती म्हणाली. दोन महिने मी तिच्याशी नीट बोललो नाही.

पुस्तक संपलं त्या रविवारी बांधावर मोबाईल तिच्यासमोर ठेवला. रेकॉर्डिंग अकरा मिनिटांचं. त्यातली आठ मिनिटं गाईवर आहेत. गाव सोडताना ती ट्रकमध्ये चढेचना म्हणे.

वरसगावचं पाणी खडकवासल्यात येतं, तिथून कालव्यानं आमच्या उसापर्यंत. मी म्हणालो, “आज्जे, हे आपल्याच गावावरचं पाणी.”

“ठावं हाय. दारं मोड आधी, सरी भरली.”

गाईचं नाव विचारायचं राहिलंय. येत्या रविवारी विचारतो.