सूर्यफुलाचें गणित

सूर्यफुलाच्या तबकांतील बियांच्या रांगा दोन दिशांनीं वळतात. त्या मोजाव्या, तर बहुधा ३४ आणि ५५ भरतात. १, २, ३, ५, ८, १३, २१ ह्या मालेंतील ह्या संख्या. प्रत्येक संख्या मागील दोहोंची बेरीज.

फिबोनाचीनें ती इटलींत १२०२ सालीं सशांच्या कोड्यांत मांडली. परंतु त्यापूर्वींच हेमचंद्रानें मात्रावृत्तांचे प्रकार मोजतांना तोच नियम सांगितला होता. लघूची एक मात्रा, गुरूच्या दोन. म्हणून चार मात्रांची रचना पांच प्रकारें होते, पांच मात्रांची आठ.

फुलाला गणित येत नाहीं. प्रत्येक नवी बी मागचीपासून सुमारें १३७.५ अंशांवर, मोकळ्या जागीं धरते. दाटी टळते आणि ह्या संख्या आपोआप उमटतात. मालेंतील लागोपाठच्या संख्यांचें गुणोत्तर १.६१८ कडे झुकतें, तेंच सुवर्णगुणोत्तर. वर्तुळ त्या प्रमाणांत विभागलें कीं हाच कोन मिळतो.

मात्र प्रत्येक शंखांत तें आहेच, असें समजूं नये. आधीं मोजावें, मग नवल करावें.