बातमी कोणती, हे कोण ठरवते?



डॉ. राममनोहर लोहिया मे १९६४ मध्ये अमेरिकेच्या दौऱ्यावर असताना मिसिसिपी राज्याची राजधानी जॅक्सन येथे गेले होते. तेथील एका उपाहारगृहात गोऱ्यांखेरीज कोणाला प्रवेश नव्हता. लोहियांना अडवण्यात आले, ते हटले नाहीत, आणि पोलिसांनी त्यांना अटक केली. पुढे अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याने दिलगिरी व्यक्त केली. समाजवादी चळवळीत हा प्रसंग अभिमानाने सांगितला जातो, आणि ते योग्यच आहे. परंतु त्याच वर्षी, त्याच शहरात, आणखी एक लढा सुरू झाला होता. बातमी कोणाच्या मालकीची, हा त्या लढ्याचा प्रश्न होता. अमेरिकेच्या आजच्या राजकारणाचा आणि तेथील वृत्तमाध्यमांचा विचार करावयाचा, तर न्यूयॉर्क-वॉशिंग्टनच्या झगमगाटापेक्षा जॅक्सन या मध्यम आकाराच्या, गरीब शहरापासून प्रारंभ करणे अधिक उपयोगाचे ठरेल.

अमेरिकेत वृत्तपत्रस्वातंत्र्य आहे की नाही, असा प्रश्न नेहमी विचारला जातो. कागदावर ते आहे आणि भक्कम आहे. १७९१ साली मान्य झालेल्या पहिल्या घटनादुरुस्तीने मुद्रणस्वातंत्र्याचा संकोच करणारा कायदा करण्यास तेथील काँग्रेसला मनाई केली आहे. पण ही मनाई सरकारला आहे, मालकाला नाही. कोणती बातमी पहिली, कोणती शेवटची आणि कोणती मुळीच द्यायची नाही, हे ठरवण्याचा अधिकार ज्याच्या हाती छापखाना आणि प्रक्षेपणकेंद्र त्याच्याच हाती राहतो. सरकारी सेन्सॉर निदान दिसतो. भारतात जून १९७५ मध्ये आणीबाणी पुकारली गेली तेव्हा ‘इंडियन एक्स्प्रेस’ने अग्रलेखाची जागा कोरी सोडली आणि वाचकाला जे समजायचे ते समजले. मालकाच्या सेन्सॉरने अशी कोरी जागा राहत नाही. तेथे दुसरी, अधिक रंजक बातमी भरलेली असते.

वही आणि पेन्सिल

जॅक्सनमध्ये १९५३ पासून डब्ल्यू.एल.बी.टी. हे दूरचित्रवाणी केंद्र चालू होते. एका विमा कंपनीकडे त्याची मालकी होती. केंद्राच्या प्रक्षेपणाच्या टापूतील जवळजवळ निम्मी लोकसंख्या कृष्णवर्णीय होती. परंतु पडद्यावर ती क्वचितच दिसे आणि तिची मागणी तर कधीच ऐकू येत नसे. नागरी हक्कांचे वकील थर्गूड मार्शल १९५५ मध्ये राष्ट्रीय जाळ्यावरील एका कार्यक्रमात बोलू लागले, तेव्हा या केंद्राने तो कार्यक्रम मध्येच तोडला आणि तांत्रिक बिघाडाची पाटी पडद्यावर लावली. बिघाड तारेत नव्हता, हे गावातल्या लहान मुलालाही कळत होते.

नागरी हक्क चळवळीचे मिसिसिपीतील संघटक मेडगर एव्हर्स अनेक वर्षे या केंद्राकडे बोलण्याची संधी मागत होते. नगराध्यक्षांनी चळवळीविरुद्ध दूरचित्रवाणीवरून भाषण केले, त्याला उत्तर देण्यासाठी अखेर २० मे १९६३ रोजी एव्हर्स यांना वेळ मिळाला. शहरातील काळ्या माणसाला रोज काय सोसावे लागते हे त्यांनी शांतपणे, घराघरांत पोहोचणाऱ्या त्या पडद्यावरून सांगितले. पुढे महिनाही लोटला नाही. १२ जून १९६३ रोजी, त्यांच्या स्वतःच्या घरासमोर, गोळी घालून त्यांचा खून करण्यात आला. खुन्याला शिक्षा होण्यासाठी १९९४ साल उजाडावे लागले. पडद्यावर काही मिनिटे कोणाला द्यायची, हा प्रश्न जीवन-मरणाचा असतो तो असा.

मार्च १९६४ मध्ये काही स्वयंसेवकांनी एक साधे काम केले. एक संपूर्ण आठवडा ते या केंद्रासमोर बसले आणि कोण बोलले, किती वेळ बोलले, कशावर बोलले याची नोंद करीत राहिले. युनायटेड चर्च ऑफ ख्राइस्ट या संस्थेचे एव्हरेट पार्कर यांनी हे काम उभारले होते. नोंदी करणारांची नावे गुप्त ठेवावी लागली, इतके वातावरण भयग्रस्त होते. या नोंदींच्या आधारे ॲरन हेन्री आणि रॉबर्ट स्मिथ या स्थानिक कृष्णवर्णीय नेत्यांसह संस्थेने केंद्राचा परवाना नूतन करू नये असा अर्ज केला. संघीय दळणवळण आयोगाचे उत्तर लक्षात ठेवण्यासारखे आहे. ज्यांचा आर्थिक हितसंबंध गुंतलेला आहे किंवा ज्यांच्या प्रक्षेपणात व्यत्यय येतो त्यांनाच तक्रारीचा अधिकार, सामान्य प्रेक्षकाला नाही, असे आयोगाने सांगितले. म्हणजे दुसऱ्या मालकाचे ऐकायचे. ज्याच्यासाठी प्रक्षेपण चालते त्याचे ऐकायचे नाही.

१९६६ मध्ये वॉशिंग्टनच्या अपील न्यायालयाने ही भूमिका फेटाळली. न्या. वॉरन बर्गर यांनी निकाल दिला की प्रेक्षक हा या प्रकरणातील पक्षकार आहे आणि त्याला आयोगासमोर उभे राहण्याचा अधिकार आहे. बर्गर डाव्या विचारांचे नव्हते. पुढे निक्सन यांनीच त्यांना सरन्यायाधीश केले. आयोगाने तरीही केंद्राची पाठराखण केली, तेव्हा १९६९ मध्ये न्यायालयाने परवानाच रद्द ठरवला. १९७१ पासून एका ना-नफा संस्थेने केंद्र चालवले आणि १९७२ मध्ये विल्यम डिल्डे हे त्याचे महाव्यवस्थापक झाले. अमेरिकेतील दूरचित्रवाणी केंद्राचे ते पहिले कृष्णवर्णीय महाव्यवस्थापक होत. वही-पेन्सिलीने मिळवलेला हा विजय होता.

दिलेला हक्क परत घेतला गेला

त्या काळी एक तत्त्व सर्वमान्य होते. ध्वनिलहरी जनतेच्या आहेत आणि परवानाधारक हा विश्वस्त आहे. सार्वजनिक महत्त्वाच्या प्रश्नांना वेळ द्यावा आणि विरुद्ध मतांनाही न्याय्य संधी द्यावी, असा दंडक आयोगाने १९४९ मध्ये घातला होता. १९६९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो उचलून धरला आणि प्रक्षेपकाच्या हक्कापेक्षा प्रेक्षक-श्रोत्यांचा हक्क श्रेष्ठ मानला. या दंडकाचा गैरवापर झालाच नाही असे म्हणणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. केनेडी-जॉन्सन यांच्या काळात विरोधी नभोवाणी वक्त्यांना जेरीस आणण्यासाठी तो वापरला गेला. पण हत्याराचा दुरुपयोग झाला म्हणून रेगन यांच्या राजवटीने ते सुधारले नाही. १९८७ मध्ये ते टाकूनच देण्यात आले. काँग्रेसने तो दंडक कायद्यात घालण्याचे विधेयक मंजूर केले होते, ते रेगन यांनी नकाराधिकाराने अडवले.

दुसरा घाव डेमोक्रॅटिक पक्षाच्या अध्यक्षाच्या सहीने बसला. १९९६ च्या दूरसंचार कायद्याने एका कंपनीने देशभरात किती नभोवाणी केंद्रे बाळगावीत यावरील मर्यादा काढून टाकली. तोवर ती चाळीस होती. थोड्याच वर्षांत क्लिअर चॅनल या एकाच कंपनीकडे बाराशेहून अधिक केंद्रे जमा झाली. याचे खापर एकट्या रिपब्लिकन पक्षावर फोडून भागणार नाही. बाजाराला मोकळे सोडले की विविधता आपोआप येते, ही श्रद्धा दोन्ही पक्षांची होती. आज जॅक्सनचे डब्ल्यू.एल.बी.टी. हे केंद्रही, शंभराहून अधिक शहरांच्या बाजारपेठांत पसरलेल्या अटलांटाच्या एका कंपनीच्या ताब्यात आहे. तेथे आज वंशभेदाची पाटी नाही, कृष्णवर्णीय पत्रकार आहेत, हा बदल खरा आहे. परंतु मालक पुन्हा दूरचा आहे.

वृत्तपत्रांची अवस्था अधिक बिकट आहे. नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाच्या पाहणीनुसार २००५ मध्ये अमेरिकेत सुमारे ८,९०० वृत्तपत्रे होती. त्यांपैकी एक-तृतीयांशाहून अधिक २०२४ पर्यंत बंद पडली. त्यांत बहुसंख्य साप्ताहिके होती. नगरसभेच्या बैठकीला जाऊन बसणारा, पाण्याच्या टाकीचा अहवाल वाचणारा वार्ताहर त्यांच्याबरोबर नाहीसा झाला.

नळ कोरडे पडेपर्यंत

याचा परिणाम पाहण्यासाठी पुन्हा जॅक्सनलाच यावे लागते. दीड लाख वस्तीच्या या शहरात आज ऐंशी टक्क्यांहून अधिक लोक कृष्णवर्णीय आहेत. शाळांतील वंशभेद संपल्यानंतर गोरा मध्यमवर्ग उपनगरांत गेला, त्याच्याबरोबर कराचे उत्पन्न गेले, आणि जमिनीखालचे जुने नळ तेवढे मागे राहिले. मार्च २०२० मध्येच संघीय पर्यावरण संरक्षण संस्थेने या शहराच्या पाणीपुरवठ्याबाबत तातडीचा आदेश काढला होता. राष्ट्रीय वाहिन्यांना ती बातमी वाटली नाही. फेब्रुवारी २०२१ च्या हिमवादळात शहरातील हजारो घरांचे नळ कित्येक दिवस, काही भागांत तर कित्येक आठवडे कोरडे राहिले. त्याच आठवड्यात टेक्सासची वीज गेली होती, आणि त्या राज्याचे सिनेटर टेड क्रूझ कुटुंबासह मेक्सिकोतील कॅन्कून येथे सहलीला गेल्याचे छायाचित्र हाती आले. सिनेटरचे वर्तन निंद्यच होते. पण बादल्या घेऊन रांगेत उभ्या असलेल्या जॅक्सनच्या बायकांपेक्षा त्याच्या प्रवासाच्या पेटीलाच पडद्यावर अधिक वेळ मिळाला.

ऑगस्ट २०२२ च्या अखेरीस मुख्य जलशुद्धीकरण केंद्र कोलमडले आणि अख्ख्या शहराला पिण्याजोगे पाणी उरले नाही. तेव्हा कॅमेरे आले. त्यानंतर चार महिन्यांच्या आत न्यायालयाने पाणीपुरवठ्यावर स्वतंत्र व्यवस्थापक नेमला आणि काँग्रेसने ६० कोटी डॉलर मंजूर केले. प्रसिद्धीने काय होऊ शकते हे यावरून दिसते, आणि ती दोन वर्षे आधी मिळाली असती तर काय झाले असते, हा प्रश्नही उरतो. स्थानिक पत्रकार सतत लिहीत होते. परंतु त्यांचा आवाज राज्याच्या सीमेपलीकडे जाण्यासाठी संकट दृश्य व्हावे लागले. नळ हळूहळू गंजतो, ते चित्रित करता येत नाही.

याच राज्यात गरीब कुटुंबांसाठी आलेल्या संघीय साहाय्यातील किमान ७ कोटी ७० लाख डॉलर भलतीकडे वळवले गेल्याचे तपासणीत उघड झाले. या प्रकरणाचा चिकाटीने पाठपुरावा ‘मिसिसिपी टुडे’ या ना-नफा वृत्तसंस्थेने केला आणि तिच्या वार्ताहर ॲना वुल्फ यांना २०२३ चे पुलित्झर पारितोषिक मिळाले. देशभरच्या वाहिन्यांचे लक्ष मात्र प्रकरणात एका नामवंत फुटबॉलपटूचे नाव आल्यावरच वेधले गेले. ज्या आयांना त्या पैशांतून महिन्याची मदत मिळायची होती, त्यांची मुलाखत क्वचितच कोणी घेतली.

मालक वाकतो तेव्हा

मोठ्या कंपन्यांना हे हिशेब पूर्णपणे ठाऊक असतात. फेब्रुवारी २०१६ मध्ये सी.बी.एस.चे प्रमुख लेस्ली मूनव्हेस यांनी गुंतवणूकदारांच्या सभेत मोकळेपणाने सांगितले की ट्रम्प यांची प्रचारमोहीम अमेरिकेला हितकर नसेलही, पण सी.बी.एस.ला ती फार लाभदायक आहे. त्यांनी सत्य सांगितले, एवढाच त्यांचा अपराध.

अशा मालकांच्या हाती वृत्तमाध्यमे एकवटली की सत्ताधाऱ्याचेही काम सोपे होते. हजार संपादकांना धमकावणे कठीण, पाच-सहा कंपन्यांना धमकावणे सुलभ. डिसेंबर २०२४ मध्ये ए.बी.सी.ने ट्रम्प यांच्या अब्रुनुकसानीच्या दाव्यात दीड कोटी डॉलर देऊन तडजोड केली. जुलै २०२५ मध्ये सी.बी.एस.ची मालक पॅरामाउंट कंपनी १ कोटी ६० लाख डॉलर देऊन मोकळी झाली. हा दुसरा दावा टिकण्याजोगा नव्हता, असे अनेक कायदेपंडितांचे मत होते. परंतु त्या वेळी कंपनीच्या विलीनीकरणाचा अर्ज आयोगापुढे पडून होता, आणि तडजोडीनंतर त्याच महिन्यात तो मंजूर झाला. त्याच जुलैत काँग्रेसने सार्वजनिक प्रक्षेपण महामंडळाचे १.१ अब्ज डॉलर काढून घेतले आणि १९६७ च्या कायद्याने जन्मलेल्या त्या महामंडळाने ऑगस्टमध्ये कारभार गुंडाळण्यास आरंभ केला. वास्तविक खेड्यापाड्यांतील लहान केंद्रांना त्याचाच आधार होता.

सप्टेंबर २०२५ मध्ये मात्र वेगळे घडले. आयोगाच्या अध्यक्षांनी दटावल्यावर ए.बी.सी.ने जिमी किमेल यांचा विनोदी कार्यक्रम थांबवला. प्रेक्षक संतापले, अनेकांनी कंपनीची वर्गणी बंद केली, आणि आठवड्याच्या आत कार्यक्रम पुन्हा सुरू झाला. १९६४ मध्ये ज्याला तक्रारीचा अधिकार नाही असे सांगितले गेले, तोच हा प्रेक्षक. परंतु नामवंत कलावंतासाठी जो संताप उसळला, तो गंजलेल्या नळासाठी कोण उसळवणार? त्याला वर्गणी बंद करणे पुरत नाही, संघटना लागते.

कार्यकर्त्याच्या दृष्टीने या साऱ्यातून निघणारा धडा साधा आहे. सरकारच्या हातून मुक्त झालेले वृत्तमाध्यम मालकाच्या हाती बंदिस्त असेल, तर ते दोघांच्याही कामाचे राहते आणि जनतेच्या कामाचे राहत नाही. यावर सरकारी नियंत्रण हा उतारा नव्हे. २०२५ च्या घटनांनी ते पुरेसे दाखवून दिले आहे. मालकीचे विकेंद्रीकरण, वाचकांच्या लहान वर्गणीवर चालणारी पत्रे आणि हिशेब मागणारा जागरूक प्रेक्षक यांतूनच उतारा निघेल. ‘मिसिसिपी टुडे’सारख्या संस्था तोच मार्ग चोखाळीत आहेत.

जॅक्सनच्या त्या स्वयंसेवकांपाशी पैसा नव्हता, सत्ता नव्हती आणि जिवाची शाश्वती नव्हती. त्यांनी फक्त आठवडाभर लक्षपूर्वक पाहिले आणि लिहून ठेवले. कोण बोलले, किती वेळ बोलले, आणि कोणाला बोलूच दिले नाही. ते काम कोणत्याही देशातील कोणत्याही शाखेला करता येण्यासारखे आहे, आणि ते अद्याप संपलेले नाही.