जुन्या गिटारीची ओळख व मोल

वडिलांच्या पश्चात् माळ्यावरची गिटार मुलाच्या हातीं येते, तेव्हां ती चकचकीत करून विकावी, असा विचार त्याच्या मनांत प्रथम येतो. तेथेंच नुकसानीस आरंभ होतो.

अमेरिकेंतील नाझरेथ येथील मार्टिन कारखान्याचेंच उदाहरण घ्यावें. त्यानें १८९८ मध्यें आपल्या गिटारींवर ८००० पासून क्रमांक घालण्यास प्रारंभ केला. दिवा व लहान आरसा घेऊन गोल छिद्रांतून पाहिल्यास, दांडी जेथें पेटीस जुळते त्या ठोकळ्यावर तो आढळतो. त्यावरून वर्ष निघतें. १९३० च्या अखेरीपासून पुढील वाद्यांवर नमुन्याचें नांवही असतें. लाकूडही साक्ष देतें : डी-२८ या नमुन्याची पाठ १९६९ पर्यंत ब्राझीलच्या शिसवी लाकडाची होती, पुढें तेथें भारतीय शिसव आला.

पडदे हे झिजणारेच. ते बदलले तर जाणकार फारसा दोष मानीत नाहींत. नव्या खुंट्यांच्या शेजारीं जुन्या मळसूत्रांचीं रिकामीं छिद्रें दिसलीं, तर किंमत उतरते. मूळचें रोगण खरवडून नवें चढविलें असेल, तर ती फारच उतरते. कारण जपून ठेवलेली खुंटी परत बसवितां येते, गेलेलें रोगण परत येत नाहीं.

म्हणून काढलेला प्रत्येक भाग जपावा आणि विकतांना प्रत्येक बदल सांगावा. सांगितल्यानें चार पैसे कमी येतील. लपविल्यास विक्रेत्याची पतच जाईल.